खडूने लिहिलेला निकाल

कोडोलीच्या पंक्चरवाल्याने टायरला आतून लावलेला गेटर, म्हणजे रबराचं ठिगळ, सुटला नव्हता. टायर फाटला तो माझ्या आखणीमुळे, आणि तो टायर हातात घेतला त्याच दिवशी मला हे कळलं होतं. तरी दोष मी त्याच्यावर लिहिला. तेवीस वर्षं ही गोष्ट माझी बायको सोडून कोणाला ठाऊक नव्हती. गेल्या महिन्यात ती मी कोडोलीत चहाच्या हॉटेलात उभा राहून सांगितली. आता कागदावर लिहून ठेवतो आहे, म्हणजे सांगताना काही गाळलं असेल तर ते इथे यावं.

कोल्हापूरजवळच्या एका लहान कारखान्यात मी टायरची आखणी करायचो. तो कारखाना आता नाही. आम्ही बैलगाडीचे टायर करायचो. उसाच्या हंगामात साखर कारखान्याकडे ज्या गाड्या जातात त्यांची लाकडी चाकं केव्हाच गेली होती, सगळ्यांना रबरी टायर आले होते. या टायरला पळायचं नसतं, पण ओझं न्यायचं असतं, तेही ढेकळांतून, चिखलातून आणि खडीवरून. शेतकऱ्याचं म्हणणं एकच. टायर स्वस्त पाहिजे आणि चार-पाच हंगाम गेला पाहिजे. या दोन्ही गोष्टी एका टायरमध्ये बसवणं हे माझं काम, आणि मला ते आवडायचं.

एका वर्षी बाजारात दुसऱ्या कोणाचा स्वस्त टायर आला. आमचे मालक मला म्हणाले, "किंमत उतरवायला पाहिजे. पण टायर हलका दिसता कामा नये."

दिसता कामा नये, याला कारण होतं. आमचं गिऱ्हाईक दुकानात आलं की खिशातून काडेपेटी काढायचं. टायरच्या खाचेत काडी उभी धरायची. काडीचं गुल खाचेत बुडालं तर टायर चांगला, वर राहिलं तर "ह्यो न्हाय टिकायचा" म्हणून पुढचं दुकान. कोणी कोणाला ही परीक्षा शिकवली कोण जाणे, पण सगळा तालुका हेच करायचा. त्यामुळे जमिनीला लागणारा वरचा पट्टा पातळ करणं शक्य नव्हतं. उलट मी खाच आणखी खोल केली, आणि जे काडीला कळत नाही ते कमी केलं.

टायरचं धड म्हणजे नायलॉनच्या दोऱ्यांचे थर. त्यावर जाड रबराचा पट्टा. या दोहोंच्या मध्ये मऊ रबराचा एक पातळ थर असतो, त्याला कुशन म्हणतात. ओझ्याखाली टायर दबतो, पुन्हा उठतो, तेव्हा पट्टा एकीकडे ओढतो आणि धड दुसरीकडे. ती ओढाताण कुशन सोसतं. त्याला चांगलं नवं रबर लागतं, म्हणून ते महाग, आणि टायर तयार झाला की ते कोणालाच दिसत नाही. मी कुशन जवळजवळ निम्मं केलं. पट्ट्यातही जुन्या टायरांपासून काढलेलं रबर जास्त घातलं. मग तो टायर गाडीला लावून, भरपूर ओझं घालून, बैलाच्या चालीने आठवडाभर फिरवला. काहीही झालं नाही. मालकांनी सगळ्या कामगारांसमोर माझी पाठ थोपटली.

बैलाच्या चालीने काही होणार नव्हतंच. पण त्याच हंगामात मी कामावर येता-जाता रोज बघत होतो, लोक दोन-दोन बैलगाड्या एकामागे एक अडकवून ट्रॅक्टरमागे जोडत होते. बैल सांभाळणं होत नव्हतं, ट्रॉली घ्यायची ऐपत नव्हती, गाडी मात्र घरची होती. जू काढायचं, लोखंडी दांडा लावायचा, झालं काम. ट्रॅक्टर बैलाच्या पाच-सहा पट वेगाने जातो. वेगाने टायर आतून तापतो, खोल खाचेचा जाड पट्टा तर फारच तापतो, आणि तापलेला पट्टा धरून ठेवणारं कुशन मी काढून घेतलं होतं. टायरच्या बाजूवर 'फक्त बैलगाडीसाठी' अशी अक्षरं घालावीत हे माझ्या मनात आलं होतं. अशी अक्षरं वाचून टायर कोण घेणार, म्हणून मीच तो विचार सोडला. मालकांना विचारलंही नाही. मालक आता हयात नाहीत. त्यांनी मला खोटं लिहायला कधी सांगितलं नाही, हे इथे स्पष्ट असू दे.

जानेवारीत कोडोलीच्या अलीकडच्या उतारावर ट्रॅक्टरमागच्या एका गाडीच्या टायरचा पट्टा सोलून निघाला आणि गाडी कलंडली. गाडीचा मालक वर उसावर बसला होता. तो खाली पडला आणि मोळ्यांखाली सापडून त्याचा पाय मोडला. पाय पुढे जुळला, पण वाकडा.

तक्रारीचे टायर दुकानदाराकडे जमा व्हायचे आणि आठवड्यातून एकदा मी ते तपासायला जायचो. रीत अशी होती की सगळ्यांसमोर टायर उलटापालटा करायचा, आतून-बाहेरून हात फिरवायचा आणि निकाल टायरवरच खडूने लिहायचा. मग तो टायर दुकानाच्या दारात पडून राहायचा. येणारा-जाणारा निकाल वाचायचा.

त्या टायरला आतून गेटर लावलेला होता. खिळ्याने किंवा दगडाने टायरला भोक पडलं की पंक्चरवाला आतल्या बाजूने रबराचा जो जाड तुकडा चिकटवतो तो गेटर. मी तो नखाने उचकटून पाहिला. जागचा हलला नाही. पट्टा सुटायला सुरुवात झाली होती ती त्याच्या बरोबर समोरच्या बाजूने. सुटलेली जागा गुळगुळीत, चकचकीत होती. भोकातून पाणी शिरून टायर सुटतो तेव्हा आतले दोरे पिंजलेले दिसतात. इथे एक दोरा पिंजलेला नव्हता. टायर तापून सुटला होता.

भोवती दहा-बारा माणसं होती. गेटर ज्याने लावला तो पंक्चरवालाही होता, पस्तिशीचा. त्याचे वडील शेजारी उभे होते. चौकातलं पंक्चरचं दुकान मूळ त्यांचं, हात कापायला लागल्यापासून ते नुसते मुलाचं काम बघत बसायचे.

मी खडू घेतला आणि लिहिलं, 'गेटर चुकीचा. पाणी शिरले.'

पंक्चरवाला पुढे आला. "साहेब, गेटर तर जागेवर हाय की. हात लावून बघा."

"मला शिकवू नको," मी म्हणालो.

तो आणखी काही बोलणार होता, पण वडिलांनी त्याचा दंड धरून मागे ओढला. "गप ऱ्हा. साहेब शिकल्यालं हायत."

'टायर सदोष' असं लिहिलं असतं तर त्या हंगामात गेलेले सगळे टायर परत मागवावे लागले असते, आणि आखणी कोणाची हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं. थोपटलेली पाठ मला जपायची होती. कारण एवढंच, त्यापेक्षा मोठं नव्हतं.

पुढच्या हंगामाआधी मी कुशन गुपचूप पूर्वीइतकं केलं. खर्च भागवायला टायरच्या बाजूंवरची जाड नक्षी काढून टाकली. म्हणजे किंमत न वाढवता टिकाऊ टायर करायची वाट पहिल्यापासून होती. मी ती घेतली नव्हती, कारण नक्षी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरते. टायर मी सुधारला. पंक्चरवाल्याबद्दल लिहिलेलं तसंच राहू दिलं.

या वर्षी आमच्या निवृत्त मंडळींच्या एका मेळाव्यात मला बोलायला सांगितलं. विषय मीच दिला, 'स्वस्त आणि टिकाऊ टायर कसा केला'. सकाळी बायको वाल सोलत बसली होती, तिला मी भाषण वाचून दाखवलं. काडेपेटी, कुशन, नक्षी, सगळं त्यात होतं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "आणि तो पंक्चरवाला?"

"त्याचं इथे काय काम?"

"व्हय, त्याचं काय काम! तेव्हा आठ दिवस ताटावर बसून नुसते उठत होतासा. मी विचारलं म्हणून सांगितलंसा. तेवीस वर्षं मी वाट बघतेय, आज जातील, उद्या जातील. आता भाषणं करायला लागलासा. अहो, चौऱ्याहत्तर वय झालं. तिकडं जायचं ते पायांनी जाणार की खांद्यावरून?"

मी मेळाव्याला गेलो नाही. कोडोलीला गेलो. चौकात पंक्चरच्या दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. शेजारच्या म्हाताऱ्या शिंप्याने सांगितलं की त्या टायरच्या भानगडीनंतर लोक तिथे जायचे बंद झाले, दोन वर्षांत दुकान मोडलं, आणि ती माणसं हुपरीला गेली. "चांदीत हाय आता त्यो. वडील वारलं."

हुपरीला घर शोधायला वेळ लागला नाही. खालच्या खोलीत पैंजणांचं काम चालतं, वर ते राहतात. तो पैंजणाच्या कड्यांना आच देऊन जोड लावत होता. केस पांढरे झाले होते. त्याने मला ओळखलं नाही. मी टायरचं नाव काढलं तेव्हा त्याने हातातली ज्योत बारीक केली आणि मग बंदच केली.

मी सगळं सांगितलं. माझं झाल्यावर तो म्हणाला, "मला कशाला सांगतासा हे? मला ठावंच हुतं की. गेटर माझा, हात माझा. मला काय कुणी सांगायला पायजे?"

"माफी मागायला आलोय."

"ते झालं. पण अब्बाला न्हवतं ठावं. मरेपर्यंत त्यांना वाटायचं पोराचा हात चुकला. मी म्हनायचो, न्हाय चुकला. तर म्हनायचं, साहेब काय खोटं लिवतील? हितं आल्यावर चांदीचा जोड लावला की मला उलटा करून दाखवायला लावायचं. रोज. जोड धरलाय का बघायला."

मग त्याने विचारलं, "कोडोलीत सांगशीला का? चौकात, सगळ्यांसमोर?"

"सांगतो."

"मग उद्या सकाळी चला. अम्मा वर हाय, तिला आत्ता कायबी बोलू नका. आधी तिकडं सांगा. तिकडं सांगितलंसा तर घरात सांगण्यात अर्थ हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे कोडोलीत उतरलो. दुकान मोडल्यापासून तो त्या चौकात उभा राहिला नव्हता, हे त्याने उतरताना सांगितलं. स्टँडसमोरच्या हॉटेलात तो गाडीमालक रोज बसतो. काठी बाकाला टेकवून, पाय पुढे करून बसला होता. आवाज रस्त्यापलीकडे ऐकू यावा असा. पंक्चरवाल्याला बघून तो आवाज एकदम थांबला.

"कोण पावणं घेऊन आलास रं?" शेवटी त्याने विचारलं.

मी बसलो नाही. बसलो असतो तर आवाज निघाला नसता. मी कोण ते सांगितलं, कुशनचं सांगितलं, गेटर जागेवर होता तेही सांगितलं. "निकाल खोटा होता," मी म्हणालो. "ह्यांची चूक नव्हती. माझी होती."

हॉटेलात सात-आठ माणसं होती. भजी तळणाराही झारा हातात धरून ऐकत होता. गाडीमालक माझ्याकडे बघतच नव्हता. तो पंक्चरवाल्याकडे वळला.

"लेका, मग तवा का बोलला न्हाईस?"

"बोललो की. तीन बार तुझ्या दारात येऊन बोललो. तू काठी घेऊन उठलास."

"उठायचं कुठलं, पाय मोडला हुता."

"मग बसूनच फेकून मारलीस. माझ्या पाठीला इचार."

कोणीतरी हसलं. गाडीमालक म्हणाला, "म्हंजे तेवीस वरसं मी ह्याला सगळ्या गावात शिव्या घातल्या, त्या काय फुकट गेल्या म्हनायच्या?"

"ऱ्हाऊ द्या, कुटं तरी लागतील," भजीवाला म्हणाला.

मग गाडीमालक माझ्याकडे वळला, आणि त्या वळण्याची मला सकाळपासून भीती होती. "आनि तुमी ओ? चांगलं शिकल्यालं माणूस. त्या टायमाला हे कळलं असतं ना, तर तुमचं तंगडं ठेवलं नसतं. आता काय मोडायचं? आपसूकच मोडकळीला आलंय." मग त्याचा आवाज उतरला. "पण खरं सांगायचं तर आमीबी ट्रॅक्टरमागं जोडली हुती की. बैलाची गाडी ती. चूक आमचीबी हायच."

माझ्यासमोर दार उघडं करून ठेवल्यासारखं ते वाक्य होतं. निम्मी चूक त्याची, निम्मी माझी, असं म्हणून चहा पिता आला असता.

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही ट्रॅक्टरमागे जोडता हे मी रोज बघत होतो. ते ठाऊक असूनच मी कुशन कमी केलं."

गाडीमालक बाकावर सरकला आणि पंक्चरवाल्याला म्हणाला, "बस हितं." तो बसला. माझ्यासाठी समोरचं बाक कोणीतरी पायाने पुढे ढकललं.

त्यानंतर तासभर हॉटेलात जो येईल त्याला गाडीमालकच ही गोष्ट सांगत होता. पहिल्या वेळी गाडी एकदा कलंडली होती, चौथ्या वेळेपर्यंत ती तीन कोलांट्या खाऊन ओढ्यात गेली. पंक्चरवाला प्रत्येक वेळी ती गाडी ओढ्यातून बाहेर काढायचा. "वढा कुटनं आला रं तिथं?" "तू गप. पाय माझा हुता." दर खेपेला शेवटी गाडीमालक माझ्याकडे हात करायचा, "आनि ह्ये ते साहेब," आणि मी मान हलवायचो. पहिल्या दोन वेळा मान वर करवली नाही. नंतर जमायला लागलं. पाचव्या माणसाला तर मीच सांगून टाकलं.

परत हुपरीला आलो तेव्हा दुपार टळली होती. वरच्या खोलीत त्याची आई भिंतीला टेकून बसली होती, ऐंशीच्या पुढची. तो म्हणाला, "कानानं कमी ऐकतीया. मोठ्यानं सांगा."

मी सांगायला लागलो. तिने हात कानामागे नेला. "कोन मेलं?"

"कोणी नाही. टायर!" मी ओरडलो. "कोडोलीचा टायर! गेटर बरोबर होता! तुमच्या मुलाचा हात चुकला नव्हता! मी खोटं लिहिलं होतं!"

माझ्या उभ्या आयुष्यात मी एवढ्या मोठ्याने काही बोललो नव्हतो. समोरच्या घराची खिडकी उघडली. खाली चांदीवर चाललेली ठोकाठोक थांबली. म्हातारीने मुलाकडे पाहिलं. त्याने मान हलवली आणि तिच्या कानाशी जाऊन त्यांच्या घरच्या बोलीत तेच पुन्हा सांगितलं, कोडोलीच्या चौकातही सांगून झालं हेही सांगितलं.

मला वाटलं ती रडेल, किंवा मला खाली जायला सांगेल. तिने दोन्ही हात मांडीवर आपटले.

"मैं बोली थी!" ती म्हणाली. "मैं उनको तभीच बोली थी!" मग माझ्याकडे वळून मराठीत, "ह्याच्या बापाला म्या सांगितलं हुतं, आपलं पोर गेटर लावताना श्वाससुदिक घेत न्हाय, त्याचा कसा सुटंल? तर मला म्हनं, तुला काय कळतंय टायरमधलं. वीस वरसं म्हनत हुतं, तुला काय कळतंय. कळत हुतं का न्हाय मला? सांगा."

"कळत होतं," मी म्हणालो.

"मोठ्यानं सांगा की."

"तुम्हाला कळत होतं!" मी ओरडलो.

"हां," ती समाधानाने म्हणाली, आणि मुलाला म्हणाली, पाहुण्यांना जेवायला वाढ. तो हसत आत गेला, बायकोला सांगायला. म्हातारी नवऱ्याशी राहिलेलं भांडण माझ्यासमोर पुरं करत होती, त्यांनी काय म्हटलं, हिने काय म्हटलं, आणि दर थोड्या वेळाने थांबून मला विचारत होती, बरोबर कोण होतं. मी प्रत्येक वेळी मोठ्याने सांगत होतो. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि मला सपाटून भूक लागली होती.